पोटाचं ऑपरेशन कधीच झालेलं नाही, तरी आतडं अडकलं : मोठ्या माणसांमधली दुर्मिळ कारणं

निळा_ॲप्रन :

मागे एका धाग्यावर आतड्यातल्या अडथळ्याची चर्चा चालली होती आणि बहुतेकांनी एकच कारण सांगितलं होतं, जुन्या ऑपरेशननंतर पोटात चिकटे (आतले भाग एकमेकांना चिकटवणारे पट्टे) होतात आणि त्यात आतडं अडकतं. बरोबरच आहे ते. लहान आतडं अडकलेल्या दहा मोठ्या माणसांत सहा-सात जणांचं कारण चिकटेच निघतं, त्याखालोखाल हर्निया आणि गाठी, आणि मोठं आतडं अडकलं असेल तर आधी कॅन्सर आहे का ते बघायचं असतं. पण मी सर्जन आहे, रोज हीच पोटं बघतो, आणि मला काळजी वाटते ती यात न बसणाऱ्यांची.

पोटावर एक टाका नाही, जांघेत फुगवटा नाही, आणि तरी माणूस पोट फुगून हिरव्या उलट्या करत येतो. सलाइन लागतं, नाकातून नळी घालून पोट रिकामं करतात, दोन-तीन दिवसांत वायू सरकतो, पोट बसतं, माणूस घरी जातो. कागदावर लिहिलेलं असतं 'सबॲक्यूट ऑब्स्ट्रक्शन, औषधोपचारांनी आराम', म्हणजे अर्धवट अडथळा होता आणि तो औषधांनी सुटला. आराम पडला हे खरं, पण अडकलं कशात होतं? ते कोणी विचारत नाही आणि तोच माणूस काही महिन्यांनी परत येतो तेव्हा कधीकधी आतडं काळं पडलेलं असतं. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या पोटाला कधी सुरी लागलेली नाही त्याचं आतडं अडकलं तर कारण सापडेपर्यंत फाइल बंद करू नये, डॉक्टरांनी तर नाहीच पण पेशंटने आणि घरच्यांनीही नाही.

दोन कारणं जरा सविस्तर सांगतो कारण दोन्ही वयस्कर बायकांमध्ये जास्त दिसतात आणि दोन्ही हुकतात.

पहिलं, पित्ताशयातला खडा आतड्यात उतरणं. मोठा खडा वर्षानुवर्षं पित्ताशयाच्या भिंतीला टेकून बसलेला असतो, सूज येते जाते, पित्ताशय शेजारच्या ड्युओडिनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, चिकटतं आणि खडा दोन्ही भिंती झिजवून सरळ आतड्यात पडतो. छोटा असेल तर शौचावाटे निघूनही जातो, पण अडीच सेंटिमीटरच्या वरचा असेल तर बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जिथे नळी सगळ्यात अरुंद असते तिथे, बसतो. गंमत नाही यात, फार फसवं दुखणं आहे, कारण खडा थोडा सरकतो, अडकतो, सुटतो, परत पुढे जाऊन अडकतो, त्यामुळे उलट्या आणि कळा दोन दिवस येतात, एक दिवस थांबतात, परत सुरू होतात आणि घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय. रिग्लर नावाच्या रेडिओलॉजिस्टने १९४१ साली याच्या तीन खुणा सांगितल्या, फुगलेलं लहान आतडं, पित्तनलिकांमध्ये हवा, आणि नको तिथे दिसणारा खडा. आता सीटीवर त्या बऱ्याचदा स्पष्ट दिसतात, साध्या एक्स-रेवर तिन्ही एकत्र मिळणं नशिबाचा भाग. ऑपरेशनमध्ये खडा जिथे अडकलाय तिथली भिंत सुजलेली असते म्हणून तिथे कापत नाहीत, तो हलकेच मागे चांगल्या भागात ढकलून आणतात, तिथे लांबीला छेद घेऊन काढतात आणि छेद आडवा शिवतात म्हणजे नळी अरुंद होत नाही. काढलेला खडा हातात घेऊन नीट बघायचा असतो. एखादी बाजू घासून सपाट झालेली असेल तर तिला घासणारा दुसरा खडा होता, तो अजून आत असू शकतो, मग अख्खं आतडं बोटांतून सरकवत तपासायचं.

दुसरं, ऑब्ट्युरेटर हर्निया. ओटीपोटाच्या हाडात पुढच्या बाजूला एक भोक असतं, पडद्याने आणि चरबीने बंद असलेलं. उतारवयात वजन फार उतरलं की ती चरबी जाते आणि आतडं त्यातून घुसतं. बाहेरून फुगवटा दिसत नाही कारण ते मांडीच्या स्नायूंच्या खाली दडलेलं असतं. मात्र तिथून जाणारी नस दाबली गेली की मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, पाय मागे ताणला किंवा बाहेर फाकवला की वाढते, गुडघा पोटाशी घेतला की कमी होते. याला हॉवशिप-रॉम्बर्ग खूण म्हणतात. सगळ्यांमध्ये नसते, पण असते तेव्हा पेशंट ती संधिवाताची म्हणून सांगते आणि उलट्यांशी तिचा संबंध कोणी जोडत नाही. एका आजींनी मला पोटाबद्दल चार वाक्यं सांगितली आणि पायाबद्दल वीस. निदान त्या वीस वाक्यांत होतं.

बाकीची कारणं प्रतिसादांत बोलू, विचारा.

---

मधुरा_म :

फार महत्त्वाचा धागा डॉक्टर. माझा एक साधा प्रश्न आहे, शौचाला झाली किंवा वायू सरकला तर अडथळा नाही असं समजायचं का? आमच्याकडे सगळे हेच विचारून निर्धास्त होतात.

---

निळा_ॲप्रन :

मधुराताई, नाही, तसं समजायचं नाही. अडथळ्याच्या पुढे जे आतड्यात आधीच होतं ते खाली उतरतंच, त्यामुळे पहिल्या काही तासांत, कधी एक दिवसानंतरही, शौचाला होऊ शकते. अर्धवट अडथळ्यात तर वायू आणि पातळ शौच चालूच राहतं. रिश्टर हर्निया म्हणून एक प्रकार आहे, त्यात आतड्याच्या भिंतीची फक्त एक बाजू चिमटीत सापडते, मधली वाट उघडी राहते, म्हणजे शौचाला नीट होतेय आणि तरी तो चिमटीतला तुकडा सडतोय असं होऊ शकतं.

घरच्यांनी लक्ष ठेवायचं ते दुखण्याच्या जातीवर. कळ येते-जाते, येते-जाते, हे अडथळ्याचं नेहमीचं. तीच कळ थांबेनाशी झाली, सलग दुखायला लागलं, पोट हात लावू देत नाही, नाडी वेगात, ताप, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असेल असं धरून तासांच्या हिशोबाने हलायचं, उद्या सकाळी बघू म्हणायचं नाही.

---

कृष्णछाया :

मी रेडिओलॉजिस्ट आहे, डॉक्टरांच्या म्हणण्यात थोडी भर घालते.

आम्ही सीटीवर आधी आकडे बघतो. लहान आतडं ३ सेंटिमीटरच्या वर, मोठं आतडं ६ च्या वर आणि सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी, ९ च्या वर फुगलं तर ते जास्त. पण आकडा म्हणजे निदान नाही. खरं काम असतं फुगलेल्या आतड्याचा माग काढत जाणं आणि ते जिथे एकदम बारीक होतं ती जागा गाठणं. त्या जागेवर काय आहे हा सगळा प्रश्न. खडा आहे, गाठ आहे, भिंत जाड आहे, आतड्यात आतडं शिरलंय, का तिथे काहीच दिसत नाही. काहीच नसेल तर चिकट्यांचा पट्टा धरतात कारण पट्टा सीटीवर दिसत नाही. आणि इथेच गडबड होते, ज्याचं ऑपरेशनच झालेलं नाही त्याच्याही रिपोर्टवर 'बहुधा चिकटे' असं लिहून जातं. जन्मजात पट्टे असतात, पूर्वी पोटात सूज येऊन गेली असेल तरी चिकटे होतात, मान्य, पण ते शेवटी लिहायचं, सगळ्यात आधी नाही.

दोन जागी बारीक झालेलं दिसलं आणि मधला तुकडा फुगलेला असला तर ते क्लोज्ड लूप, दोन्ही टोकं बंद. त्यात आतला दाब कुठेच सुटत नाही आणि रक्तपुरवठा लवकर जातो. रक्तवाहिन्या भोवऱ्यात फिरल्यासारख्या दिसल्या तर पीळ. असं काही दिसलं की मी रिपोर्ट टाइप करत बसत नाही, आधी सर्जनना फोन करते.

आणि एक विनंती, सीटीला पाठवताना कागदावर नुसतं 'पोटदुखी' लिहू नका हो. पित्ताशयात खडे होते, वजन कमी करायचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, पूर्वी टीबी झाला होता, हे जे काही असेल ते लिहा. माहिती असली की नजर बरोबर जागी जाते.

---

पाऊलवाट :

आमच्या घरी घडलेलं सांगतो. धाकट्या बहिणीला टायफॉइड होऊन गेला आणि त्यात तिचं वजन खूप उतरलं. ताप गेला पण जेवलं की अर्ध्या तासात पोट वर फुगायचं, ढेकरा, मग उलटी, उलटी झाली की बरं वाटायचं. म्हणून ती जेवायलाच घाबरायची आणि वजन अजून उतरायचं. एंडोस्कोपी नॉर्मल आली आणि एका ठिकाणी आम्हाला सांगितलं की मुलीला बारीक राहायचं वेड लागलंय, मानसोपचाराला न्या. ती रडून सांगायची की मला भूक लागते, मला जेवायचंय. आईच्या लक्षात एक गोष्ट आली होती की ती दुखायला लागलं की पालथी झोपते किंवा डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेते आणि मग शांत होते. ही गोष्ट आईने नंतरच्या डॉक्टरांना सांगितली आणि त्यांनी लगेच रक्तवाहिन्यांचा सीटी करायला सांगितला. एसएमए सिंड्रोम निघाला.

---

निळा_ॲप्रन :

पाऊलवाट, तुमच्या आईंचं फार कौतुक वाटलं, असं निरीक्षण दहा टेस्टना भारी असतं.

बाकीच्यांसाठी सांगतो. ड्युओडिनमचा तिसरा भाग दोन रक्तवाहिन्यांच्या मधून जातो, मागे महारोहिणी आणि पुढे आतड्याला रक्त देणारी सुपीरियर मेसेंटेरिक धमनी, म्हणजेच एसएमए. दोघींच्या मधल्या कोनात चरबीची गादी असते. वजन झपाट्याने उतरलं की ती गादी जाते, धमनी मागे पडते आणि ड्युओडिनम मध्ये दाबला जातो. कोन एरवी साधारण ३८ ते ६५ अंशांचा असतो तो २५ च्या खाली येतो, आणि मधलं अंतर १० ते २८ मिलिमीटरवरून ८ किंवा त्याहूनही कमी होतं. पालथं झोपलं किंवा गुडघे पोटाशी घेतले की धमनी पुढे झुकते आणि वाट जरा मोकळी होते, म्हणून तुमच्या बहिणीला आराम पडायचा. रोकिटान्स्की यांनी हे १८६१ मध्ये पहिल्यांदा लिहिलं आणि विल्की यांनी १९२७ मध्ये ७५ पेशंट एकत्र मांडले, त्यामुळे विल्की सिंड्रोम असंही नाव आहे. भाजणं, मोठे अपघात, पाठीचा कणा सरळ करायची ऑपरेशनं, लांबलेले आजार, या सगळ्यांनंतर होऊ शकतं.

फक्त कोन कमी दिसला म्हणून निदान करायचं नाही हेही सांगतो, बारीक माणसांमध्ये कोन कमी असतोच, त्रास आणि चित्र दोन्ही जुळायला हवं. बहिणीला ऑपरेशन लागलं का?

---

पाऊलवाट :

नाही लागलं. नाकातून बारीक नळी त्या दाबलेल्या जागेच्या पुढे नेऊन ठेवली आणि तिथून फीड दिलं, वजन हळूहळू वाढलं तशा उलट्या थांबल्या. आता ठणठणीत आहे. पण 'वेड' हा शब्द ती अजून विसरलेली नाही. पेशंट म्हणतोय मला भूक लागते तर ते ऐकायला काय जातं हो?

---

शेवंती :

+१ पाऊलवाट. वाचून वाईट वाटलं.

डॉक्टर, माझा प्रश्न वेगळा आहे. माझी संधिवाताची दुखणी बरीच वर्षं आहेत आणि पेनकिलर जवळजवळ रोज घ्यावी लागते. हल्ली जेवणानंतर बेंबीभोवती कळा येतात, पोटात गुडगुड आवाज होतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातं. हिमोग्लोबिन पण कमी आलंय. याचा काही संबंध असेल का?

---

निळा_ॲप्रन :

शेवंतीताई, इथे बसून निदान करता येत नाही पण संबंध असू शकतो आणि तुम्ही लांबवू नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या पोटाला अल्सर करतात हे सगळ्यांना माहिती आहे, पण त्या लहान आतड्यालाही करतात, आणि तिथली जखम भरताना आतून गोल पातळ पडदा तयार होतो, मध्ये फक्त बारीक भोक उरतं. असे एक नाही तर बरेच पडदे एकामागे एक असतात. डायाफ्राम डिसीज म्हणतात. पडदा इतका पातळ असतो की सीटीवर निसटतो आणि ऑपरेशनमध्ये बाहेरून आतडं चांगलं दिसतं. जेवणानंतरच्या कळा आणि रक्त कमी होणं, दोन्ही एकत्र असलं आणि रोजची पेनकिलर असली की हे मनात यायलाच हवं.

एक सावधगिरी सांगतो. तुम्हाला कोणी कॅप्सूल एंडोस्कोपी सुचवली तर आधी 'मला जेवल्यावर कळा येतात' हे मुद्दाम सांगा. कॅमेऱ्याची गोळी अशा पडद्यामागे अडकून बसते आणि मग तीच अडथळा होते. संशय असेल तर आधी विरघळणारी चाचणीची गोळी देतात, ती नीट बाहेर पडली तरच खरी. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून पर्याय घ्या.

---

गिरकी :

माझं वजन कमी करायचं बायपास झालंय, दुर्बिणीतून. बाकी सगळं छान चाललंय. वर कृष्णछायाताईंनी त्याचा उल्लेख केलाय म्हणून विचारते, त्यात काय काळजी घ्यायची? मधूनच डाव्या बाजूला वर दुखतं आणि जातं.

---

निळा_ॲप्रन :

गिरकी, हे आधी सांगायला हवं होतं तुम्हाला कोणीतरी. बायपासमध्ये आतड्याची मांडणी बदलते आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात नवीन फटी तयार होतात. त्यातली एक पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाते. वजन उतरलं की चरबी जाते, फट मोठी होते आणि आतडं तिच्यातून सरकतं, परत येतं, परत सरकतं. म्हणून दुखणं येतं आणि जातं. आता बरेच सर्जन या फटी ऑपरेशनमध्येच शिवून टाकतात, तुमच्या शिवल्या होत्या का ते डिस्चार्ज कार्डावर किंवा ऑपरेशन नोटवर बघा.

महत्त्वाचं हे की दुखत नसताना केलेला सीटी नॉर्मल येऊ शकतो, आणि अगदी दुखत असतानाचाही कधीकधी. बायपास झालेल्या माणसाला वारंवार कळा येत असतील आणि सीटीत काही नसेल तर दुर्बीण घालून आत बघणं हा वेडेपणा नाही, तो योग्य निर्णय असतो. तुमच्या बॅरिॲट्रिक सर्जनना याच आठवड्यात फोन करा. पुढे कधी दिवस राहिले आणि पोट दुखलं तर प्रसूतितज्ज्ञांनाही बायपास झालाय हे पहिल्या वाक्यात सांगा, वाढतं गर्भाशय आतड्यांना वर ढकलतं आणि त्या काळात हा प्रकार जास्त धोक्याचा ठरतो.

ऑपरेशन न झालेल्यांमध्येही अंतर्गत हर्निया असतात, जन्मतःच पडद्यात खिसे असतात. ड्युओडिनमच्या डाव्या बाजूचा खिसा त्यातला सगळ्यात जास्त सापडणारा. माणूस चाळिशीपर्यंत 'मला गॅसचा त्रास आहे' म्हणत जगतो आणि एक दिवस आतडं त्या खिशात जाऊन बाहेरच येत नाही.

---

टिंबटिंब :

सगळं पटतंय पण थोडं भीतीदायकही होतंय. पोट साफ नसलं की आपण जुलाबाचं औषध घेतोच, त्याने शंभरातल्या नव्वद जणांचं काम होतं. प्रत्येक पोटदुखीला सीटी काढत बसायचं का?

---

निळा_ॲप्रन :

प्रत्येकाला नाही. नुसती बद्धकोष्ठता असेल, उलटी नाही, पोट मऊ आहे, तर सीटीची गरज नाही. पण पोट फुगलंय, कळा येतायत आणि उलट्याही होतायत, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर जुलाबाचं औषध देऊ नका, मी हे हात जोडून सांगतो. वाट बंद असताना ते औषध आतड्याला अजून जोरात आवळायला लावतं आणि पाणी अजून आत खेचतं. फुगलेलं आतडं फुटण्याची वेळ येते. तोंडाने काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि दवाखाना गाठायचा. याबाबत मी थोडाही मऊ होणार नाही.

---

कृष्णछाया :

यावर सहमत. शिवाय आम्हाला सीटीसाठी पोटातून औषध पाजायचीही गरज नसते, आतड्यात साठलेलं पाणीच पुरेसं असतं, त्यामुळे उलट्या होणाऱ्या माणसाला लिटरभर पाणी प्यायला लावतील ही भीती बाळगू नका. शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारं औषध) लागतं, तेही किडनी बघून.

टिंबटिंब, उलट काही कारणं अशी आहेत की वेळेत सीटी केल्यामुळे ऑपरेशन टळतं. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाच्या आतड्याच्या भिंतीत रक्त साठतं, भिंत जाड होऊन वाट बंद होते. सीटीवर ओळखता येतं, गोळीचा परिणाम उतरवला की बहुतेकांचं आपोआप निवळतं. तसंच रक्तदाबाच्या काही गोळ्या, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल वगैरे, त्यांच्यामुळे क्वचित आतड्याच्या भिंतीलाच सूज येते, पोट दुखतं, उलट्या होतात, गोळी बंद केली की जातं. गोळी कितीतरी दिवसांपासून चालू असते म्हणून कोणाला संशय येत नाही.

---

उत्तरायण :

बाबांचं मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि नंतर त्यांचं पोट ढोलासारखं फुगलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले अडथळा आहे पण अडथळा नाही, मला तेव्हा काही कळलंच नाही. आता पुष्कळ बरे आहेत, पण ते नेमकं काय होतं?

---

निळा_ॲप्रन :

ओगिल्व्ही सिंड्रोम असणार. ओगिल्व्ही या ब्रिटिश सर्जनने १९४८ मध्ये वर्णन केलं. मोठं आतडं अडकल्यासारखं फुगतं पण आत अडवणारं काही नसतं, आतड्याच्या हालचालीचं नियंत्रण बिघडलेलं असतं. वयस्कर, अंथरुणाला खिळलेले, हाडाचं किंवा मोठं ऑपरेशन झालेले, पोटॅशियम कमी असलेले, मॉर्फिनसारख्या गोळ्यांवर असलेले, यांच्यात होतं. सीटी करून खरा अडथळा नाही ना हे आधी नक्की करतात. मग पोटॅशियम सुधारणं, त्या गोळ्या कमी करणं, कुशीवर वळवणं, हालचाल, मागून नळी घालून हवा काढणं, आणि तेवढ्याने नाही भागलं तर निओस्टिग्मिनचं इंजेक्शन. ते देताना मॉनिटर लावतात कारण हृदयाचे ठोके एकदम कमी होऊ शकतात. नजर असते सीकमवर, ते १२ सेंटिमीटरच्या वर गेलं की फुटायची भीती.

---

मधुरा_म :

आतड्यात आतडं शिरतं ते तर लहान बाळांना होतं ना? वर कृष्णछायाताईंनी लिहिलंय म्हणून विचारते.

---

कृष्णछाया :

बाळांमध्येच जास्त, मोठ्यांमध्ये एकूण केसेसच्या ५ टक्क्यांच्या आसपास. शर्टाची बाही काढताना उलटी आत जावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो. सीटीवर एकात एक गोल वर्तुळं दिसतात. फरक असा की बाळांमध्ये बहुतेक वेळा कारण सापडत नाही आणि मोठ्यांमध्ये बहुतेक वेळा सापडतं, म्हणजे आतड्याला ओढून नेणारं टोकाशी काहीतरी असतं, चरबीची गाठ, पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेला कोंब), मेकेल (लहान आतड्याला जन्मतःच असलेली छोटी पिशवी), कधी कॅन्सर. मोठ्या आतड्यात झालं तर कॅन्सरची शक्यता जास्त. म्हणून बाळांसारखं हवेने किंवा पाण्याने ढकलून सोडून देत नाहीत, बहुतेकांना तो भाग काढावाच लागतो.

पण घाबरवत नाही, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीटीत लहान आतड्याचा छोटासा तुकडा क्षणभर शिरलेला दिसतो, फुगलेलं काही नाही, गाठ नाही, त्रास नाही. तो आपोआप सुटतो. रिपोर्टवर 'इंटससेप्शन' (आतड्यात आतडं शिरणं) हा शब्द वाचून रात्रभर झोपू नये असं काही नाही त्यात.

---

शेवंती :

डॉक्टर, तुमचं वाचून मी गॅस्ट्रोकडे नंबर लावलाय. आणखी एक, माझ्या भाचीला पाळीच्या दिवसांतच पोट फुगून कळा येतात आणि शौचाला त्रास होतो, बाकी महिना काही नाही. तिला आयबीएस (तपासणीत दोष न दिसता होणारा आतड्याचा त्रास) सांगितलंय.

---

निळा_ॲप्रन :

नंबर लावलात हे फार बरं केलंत.

भाचीचं दुखणं पाळीला धरून येतंय हीच मोठी खूण आहे. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, आतड्यावर बसू शकतो, बहुतेक रेक्टम आणि सिग्मॉइडवर (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागांवर), कधी लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर. तो भिंतीच्या बाहेरून आत वाढतो, त्यामुळे कोलोनोस्कोपीत आतलं अस्तर नॉर्मल दिसतं आणि रिपोर्ट चांगला येतो. पूर्ण अडथळा क्वचितच, पण होतो. अनुभवी हाताने केलेली योनिमार्गाची सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. तिला सांगा, दोन-तीन महिने तारखा आणि लक्षणं लिहून ठेव आणि तो कागद स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव.

---

पाऊलवाट :

केसांचा गोळा झाल्याच्या बातम्या वाचल्या आहेत, ते खरं असतं का?

---

निळा_ॲप्रन :

खरं असतं. केस पचत नाहीत आणि घसरून पुढेही जात नाहीत, जठरात गुंतत राहतात, वर्षानुवर्षं. गोळ्याची शेपटी लहान आतड्यात उतरली तर त्याला रॅपन्झेल सिंड्रोम म्हणतात, १९६८ मध्ये हे नाव पडलं. मोठा गोळा जवळजवळ नेहमी ऑपरेशननेच काढावा लागतो, आणि केस खाण्याच्या सवयीवर मानसोपचार झाले नाहीत तर परत होतो. या मुलींना लाजवू नका, ओरडू नका, तो आजार आहे.

मोठ्यांमध्ये त्याहून जास्त दिसतो तो वनस्पतींच्या धाग्यांचा गोळा. जठराचा भाग काढलेला, दात नसलेले, मधुमेहामुळे जठर मंद झालेले, यांच्यात. जठरात असलेला असा गोळा कोला पेयाने मऊ करून एंडोस्कोपीने फोडल्याच्या भरपूर नोंदी आहेत, पण फुटलेला तुकडा पुढे लहान आतड्यात जाऊन अडकू शकतो, त्यामुळे हे दवाखान्यातच करायचं, घरी नाही.

आणि पोटाच्या पडद्याचाच जाड कोश होऊन सगळं लहान आतडं त्यात गुंडाळलं जातं असाही एक प्रकार आहे, ॲब्डॉमिनल कोकून, हे नाव १९७८ पासून. बरीच वर्षं पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांमध्ये आणि पोटाचा टीबी झालेल्यांमध्ये दिसतो. पोटाच्या टीबीबद्दल एवढं नक्की सांगतो की जिथे टीबी भरपूर आहे तिथे तो 'दुर्मिळ' या यादीत धरूच नये, लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे आकुंचन होतं, वजन घटतं, संध्याकाळी बारीक ताप, जेवल्यावर कळा. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आणि टीबी दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे तुकडा काढून तपासल्याशिवाय उपचार सुरू करायची घाई करू नये.

---

उत्तरायण :

बायोप्सीत काही आलं नाही तर?

---

निळा_ॲप्रन :

होतं तसं, टीबीच्या तुकड्यात जंतू सापडण्याचं प्रमाण कमीच आहे. मग अनेक ठिकाणांहून, खोलवरचे तुकडे घेऊन कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि जीनएक्स्पर्टला (टीबीच्या जंतूची जनुकीय चाचणी) पाठवतात. तरीही ठरत नसेल तर टीबीचे उपचार सुरू करून दोन-तीन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करतात, अल्सर भरले असतील तर टीबी. मात्र आकुंचन पक्कं झालेलं असेल तर औषधाने जंतू मरतात पण अरुंद झालेली जागा उघडत नाही, ती फुग्याने किंवा ऑपरेशनने उघडावी लागते. म्हणून टीबीच्या गोळ्या चालू असतानाही कळा वाढल्या तर 'औषध चालू आहे ना' म्हणून थांबू नका.

---

गिरकी :

ऑपरेशन नोट सापडली डॉक्टर. फटी शिवल्याचं लिहिलेलं नाही. सर्जनना फोन केला, परवाची वेळ मिळालीये.

---

निळा_ॲप्रन :

छान. नोटची प्रत सोबत न्या. आणि तोपर्यंत मध्येच सलग दुखायला लागलं किंवा उलटी झाली तर परवाची वाट बघायची नाही, इमर्जन्सीला जायचं आणि 'बायपास झालाय, फटी शिवलेल्या नाहीत' हे वाक्य जसंच्या तसं सांगायचं.